गँगाँ फुटबॉल क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच फुटबॉलबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून पॅरिस, मार्सेय, ल्याँ यांच्याबद्दल जितकी विचारणा होते, जवळजवळ तितकीच गँगाँबद्दलही होते. आघाडीपटू द्रोग्बाचं नाव ऐकून कुणी येतं, 2009 च्या फ्रेंच कपबद्दल वाचून कुणी येतं, व्हिडिओ गेममध्ये हा क्लब निवडून कुणी अडकतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, किचकट गोष्टी पुढे येतात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे तसा क्रमांक दिला आहे.

1. गँगाँ नेमकं कुठे आहे? गाव खरंच इतकं छोटं आहे का?

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतात. जिल्हा कोत-दार्मोर, नदी त्रिय, आणि पॅरिस–ब्रेस्त रेल्वेमार्गावरचं स्टेशन. लोकसंख्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या मोठ्या गावाएवढी. प्लुमागोआर, पाबू, ग्रास ही लागून असलेली गावं धरली तर आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. तरीही तो एखाद्या व्यावसायिक क्लबच्या शहराचा आकडा वाटत नाही. ब्रिटनीतलंच रेन दोन लाखांहून मोठं आहे आणि ब्रेस्त सुमारे एक लाख चाळीस हजारांचं.

गावात जुनी बाजारपेठ आहे, मधल्या चौकात प्लोमे नावाचं कारंजं आहे, आणि नोत्र-दाम द बों-सकूर हे मोठं चर्च आहे. आसपास शेती, दुग्धव्यवसाय, वराहपालन, भाजीपाला आणि अन्नप्रक्रियेचे कारखाने. हे शेतीचं पार्श्वचित्र पुढच्या बऱ्याच उत्तरांत लागणार आहे.

2. क्लबचं पूर्ण नाव काय आणि ते कसं उच्चारायचं?

'आँनाव्हाँ गँगाँ'. फ्रेंच स्पेलिंगमध्ये (Guingamp) शेवटचा 'प' लिहिला जातो, बोलला जात नाही. स्थापना 1912 ची, सरकारी शाळेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या मंडळातून. रंग लाल आणि काळा. मैदान रुदुरू.

3. सात हजारांच्या गावात व्यावसायिक क्लब टिकतोच कसा?

सर्वाधिक वेळा हाच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'चमत्कार' या एका शब्दात उरकलं जातं. मला ते पटत नाही. चमत्कार एक हंगाम टिकतो. गँगाँ 1977 मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला आणि त्यानंतरची बहुतेक सगळी वर्षं वरच्या दोन श्रेणींत राहिला. त्यात पहिल्या श्रेणीचे तेरा हंगाम आहेत: 1995 ते 1998, 2000 ते 2004 आणि 2013 ते 2019. एवढा काळ नशिबावर निघत नाही.

पहिलं कारण भूगोल. क्लब गावाचा असला तरी प्रेक्षक गावाचा नाही. लानियों, पँपोल, मोर्ले, कारे, सँ-ब्रिय अशा तास-दीड तासाच्या टापूतून लोक येतात. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण सँ-ब्रिय आहे, पण तिथे या दर्जाचा क्लब इतकी वर्षं टिकला नाही. त्यामुळे सबंध जिल्ह्याची फुटबॉलची भूक एका छोट्या गावाकडे वळली. अर्ध्या-पाऊण जिल्ह्याला 'आमचा क्लब' म्हणायला दुसरा क्लबच नव्हता.

दुसरं कारण पैसा, आणि तो स्थानिक आहे. अन्नप्रक्रिया, शेतीमाल, वाहतूक, बांधकाम या क्षेत्रांतले त्या भागातले व्यावसायिक सुरुवातीपासून क्लबच्या मागे उभे राहिले. एकटा अब्जाधीश असता तर तो कंटाळल्यावर क्लब संपला असता. इथे छोट्या-मध्यम उद्योगांचा गोतावळा आहे. त्यातला एखादा बाजूला झाला तरी बाकीचे असतात. (मालकीबद्दल प्रश्न 14.)

तिसरं कारण सर्वांत कमी बोललं जातं: क्लबने स्वतःच्या ऐपतीबाहेरचे पगार सहसा दिले नाहीत. ज्यांना मोठ्या क्लबांनी नाकारलं किंवा ज्यांच्यावर कुणाची नजर गेली नव्हती असे खेळाडू आणायचे, दोन-तीन वर्षं खेळवायचे, चांगल्या किमतीला विकायचे आणि पुन्हा शोधाला लागायचं. हे लिहायला सोपं आहे. करायला शोधणारी माणसं पारखी लागतात आणि विकताना हात थरथरून चालत नाही.

ही व्यवस्था भक्कम आहे असं मात्र समजू नका. एक वाईट हंगाम, खालच्या श्रेणीत घसरण, प्रक्षेपण हक्कांच्या पैशात घट, आणि छोट्या क्लबकडे सावरायला फारशी गंगाजळी नसते.

4. लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त क्षमतेचं स्टेडियम कशासाठी? ते भरतं तरी का?

रुदुरू 1990 मध्ये सुरू झालं. आजची क्षमता सुमारे 18,000. गावाची लोकसंख्या आणि स्टेडियमचे आकडे शेजारी ठेवले की लोकांना हसू येतं, पण प्रश्न 3 मधला टापू लक्षात घेतला तर हिशेब जुळतो. पहिल्या श्रेणीत असताना ते चांगलं भरायचं. दुसऱ्या श्रेणीत प्रत्येक सामन्याला भरत नाही, मोठ्या सामन्यांना भरतं.

सामन्याच्या दिवशी गावाचा चेहरा बदलतो. दुपारपासून चौकातल्या बारबाहेर लाल-काळे मफलर दिसू लागतात, रस्त्याच्या कडेला गाड्या लागत जातात, लोक पायीच मैदानाकडे निघतात. बाहेर तव्यावर बकव्हीटच्या पिठाची पातळ धिरडी पडत असतात. भाजलेलं सॉसेज त्या धिरड्यात गुंडाळून कागदात देतात, त्याला म्हणतात गॅलेत-सोसिस. पूर्व ब्रिटनीचा हा खाऊ सगळ्या प्रांतातल्या मैदानांवर पोचला आहे. हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच खायचं, थंड झालं की धिरडं वातड होतं. आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ब्रिटनीचे झेंडे असतात आणि 'कोप रूज' हा पाठीराख्यांचा गट 90 मिनिटं गात असतो.

मैदान छोट्या क्लबचं असलं तरी दर्जाने कमी नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय संघ वर्ल्ड कप पात्रता सामना खेळायला इथे आला आणि फॅरो बेटांना 5-0 ने हरवून गेला. त्याहून मोठे पाहुणे नंतर आले, ते प्रश्न 8 मध्ये.

5. नोएल ल ग्राएत यांनीच हा क्लब उभा केला, हे खरं का?

बरंचसं खरं. याच भागातले उद्योजक, अन्नप्रक्रियेचा मोठा समूह उभारलेले. 1972 मध्ये ते क्लबचे अध्यक्ष झाले तेव्हा गँगाँ प्रादेशिक हौशी स्तरावर होता. पाच वर्षांत तो राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीत पोचला. ते 1991 पर्यंत आणि पुन्हा 2002 ते 2011 अध्यक्ष होते. मधल्या काळात फ्रेंच व्यावसायिक लीगचे अध्यक्ष, 1995 ते 2008 गँगाँचे महापौर, आणि 2011 पासून फ्रेंच फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष. क्लब, नगरपालिका आणि उद्योग यांची सूत्रं एकाच माणसाच्या हातात बराच काळ होती, आणि छोट्या गावात त्याचा फायदा झाला हे नाकारता येणार नाही.

महासंघातली त्यांची कारकीर्द वादात संपली. त्यांच्या वर्तनाबद्दल सरकारी चौकशीचा अहवाल आल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गँगाँचा इतिहास सांगताना हे गाळू नये. त्याचबरोबर सगळं श्रेय एका माणसाला देणं म्हणजे फ्रान्सिस स्मेरेकी, जोसेलँ गुर्व्हेनेक यांच्यासारखे प्रशिक्षक आणि मुलांना घडवणारे असंख्य लोक यांच्यावर अन्याय आहे. स्मेरेकींच्या काळात क्लब लागोपाठ दोन बढत्या घेऊन तिसऱ्या श्रेणीतून 1995 मध्ये थेट पहिल्या श्रेणीत गेला. ते काम मैदानावरचं होतं, कार्यालयातलं नव्हे.

6. फ्रेंच कप म्हणजे काय, आणि 2009 मध्ये असं काय झालं की लोक अजून बोलतात?

कूप द फ्राँस ही बाद फेरीची स्पर्धा 1917-18 पासून चालू आहे. त्यात हजारो क्लब भाग घेतात: खेड्यातले हौशी, समुद्रापारच्या फ्रेंच प्रदेशांतले, आणि शेवटी बडे व्यावसायिक. दुसऱ्या श्रेणीचे क्लब सातव्या फेरीत येतात, पहिल्या श्रेणीचे त्याच्याही नंतर. सोडत खुली असते, मानांकन नसतं, आणि सामना एकच. त्यामुळे छोट्यांना संधी मिळते. 2000 मध्ये काले हा हौशी संघ अंतिम फेरीत पोचला होता.

2009 मध्ये गँगाँ दुसऱ्या श्रेणीत होता आणि तिथेही वरच्या घोळक्यात नव्हता. 9 मे रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्राँसवर अंतिम सामना झाला तो रेनविरुद्ध. दोन्ही संघ ब्रिटनीचे, एक प्रांताच्या राजधानीचा, दुसरा गावाचा. मैदानात 80,000 प्रेक्षक, म्हणजे गँगाँच्या लोकसंख्येच्या दहापट. रेनने शेवटचा कप 1971 मध्ये जिंकला होता, त्यामुळे त्यांच्यावरचं ओझं वेगळंच होतं.

साधारण 69 मिनिटं गोल नाही. मग कार्लोस बोकानेग्राने हेडरने रेनला आघाडी दिली, आणि आता संपलं असं वाटायला लागलं. पण तीनच मिनिटांत एदुआर्दो या ब्राझिलियन आघाडीपटूने बरोबरी साधली आणि 82 व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. 2-1. प्रशिक्षक होते व्हिक्तोर झ्वुंका. दुसऱ्या श्रेणीत असताना कप जिंकणारा हा इतिहासातला दुसराच क्लब. पहिला ल आव्र, 1959 मध्ये. म्हणजे पन्नास वर्षांनी.

हा सामना पुन्हा बघायचा असेल तर गोल सोडून बरोबरीनंतरची दहा मिनिटं बघा. रेनचे खेळाडू चेंडू पायात असतानाही घाईत आहेत. गँगाँचे बचावपटू मात्र शांतपणे तो बाजूला मारत आहेत, वेळ घेत आहेत, पुढच्या संधीची वाट बघत आहेत. दोन श्रेणींतलं अंतर त्या दहा मिनिटांत कुठेच दिसत नाही.

7. मग 2014 मध्येही तेच घडलं, की तो कप वेगळा होता?

प्रतिस्पर्धी तोच, मैदान तेच, निकाल तसाच, परिस्थिती वेगळी. 3 मे 2014 रोजी गँगाँ पहिल्या श्रेणीत होता, पण घसरणीच्या सावटाखाली. जोनाथन मार्तिन्स परेराने पूर्वार्धात आणि मुस्तफा याताबारेने उत्तरार्ध सुरू होताच गोल केला. 2-0. प्रशिक्षक गुर्व्हेनेक. 2009 चा विजय पाठलाग करून मिळाला. हा सुरुवातीपासून ताब्यात ठेवलेला. खेळ म्हणून मला 2014 चा सामना सरस वाटतो, जरी लोकांच्या मनात 2009 च आहे.

अंतिम फेरीतला एक पराभवही आहे, तो विसरला जातो. 1997 मध्ये पार्क दे प्रँसवर नीसविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर कप गेला.

8. गँगाँ कधी चॅम्पियन्स लीग खेळला आहे का? रिआल माद्रिद तिथे आल्याचे फोटो पाहिले.

फोटो खरे आहेत, पण क्लब गँगाँ नव्हता. हा गोंधळ 2024-25 पासून सतत होतो, म्हणून सविस्तर सांगते.

त्या हंगामात शेजारचा ब्रेस्त पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला. ब्रेस्तचं स्वतःचं फ्रान्सिस-ल ब्ले मैदान युएफाच्या, म्हणजे युरोपियन फुटबॉल महासंघाच्या, निकषांत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी घरचे सामने रुदुरूवर खेळले. सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझवर 2-1 असा विजय, मग लेव्हरकुझेनशी 1-1, डिसेंबरमध्ये पीएसव्हीवर 1-0. जानेवारी 2025 मध्ये रिआल माद्रिद आला आणि 3-0 ने जिंकला. फेब्रुवारीत पॅरिसच्या पीएसजीनेही तेवढ्याच फरकाने हरवलं. सात हजारांच्या गावात एकाच हिवाळ्यात रिआल आणि पीएसजी, तेही चॅम्पियन्स लीगमध्ये. यजमान संघ ब्रेस्त असला तरी गावाला त्याचा अभिमान असणं स्वाभाविक आहे.

स्वतः गँगाँ युरोपमध्ये खेळला तो इतर स्पर्धांत. 1996 मध्ये इंटरटोटो कप जिंकून यूएफा कपमध्ये गेला आणि इंटर मिलानकडून बाद झाला: घरी 0-3, पण मिलानमध्ये 1-1. 2009 च्या कपमुळे युरोपा लीगच्या पात्रता फेरीत हॅम्बुर्गशी गाठ पडली, दोन्ही सामने गेले. खरी कमाई 2014-15 च्या युरोपा लीगमधली. फियोरेन्टिना, पाओक आणि दिनामो मिन्स्क यांच्या गटात दुसरा क्रमांक मिळवला, शेवटचा सामना थेस्सलोनिकीत 2-1 ने जिंकून. त्या दिवशी दोन्ही गोल क्लोदिओ बोव्ह्यूचे. पुढच्या फेरीत दिनामो कीव्हला घरी 2-1 ने हरवलं, पण कीव्हमध्ये 1-3 ने हरून प्रवास थांबला.

9. कप जिंकला आणि त्याच हंगामात लीगमध्ये घसरण झाली, तर युरोपचं तिकीट जातं का?

नाही. कप आणि लीग यांचे हिशेब वेगळे. उत्तम उदाहरण नीसचं: 1997 मध्ये गँगाँला हरवून कप घेतला, त्याच हंगामात पहिल्या श्रेणीतून घसरले, आणि तरी पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत असताना कप विनर्स कपमध्ये खेळले.

गँगाँची गोष्ट याच्याही पुढची आहे. ऑगस्ट 2009 मध्ये हॅम्बुर्गशी युरोपा लीगचे सामने, आणि मे 2010 मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत घसरण. कप जिंकल्यावर वर्षभरात. अशा वेळी क्लबला ठरावीक काळ व्यावसायिक दर्जा टिकवता येतो, पण उत्पन्न कोसळतं. गँगाँ एकाच हंगामात परत वर आला, बास्तिया आणि आमियाँबरोबर. दोन वर्षांनी, 2013 मध्ये, पहिल्या श्रेणीत. या क्लबची सर्वांत मोठी कामगिरी कोणती असं विचारलं तर दोन्ही कपांच्या आधी मी 2010 ते 2013 ही तीन वर्षं सांगेन.

10. द्रोग्बा गँगाँमध्येच घडला का?

घडायला सुरुवात आधी झाली होती, जगाला दिसला तो इथून. दिदिए द्रोग्बा जानेवारी 2002 मध्ये ल माँ क्लबमधून आला तेव्हा 23 वर्षांचा होता. त्या वयापर्यंत मोठे आघाडीपटू सहसा नावारूपाला आलेले असतात. पहिल्या अर्ध्या हंगामात तीनच गोल. पुढच्या, 2002-03 च्या हंगामात लीगमध्ये 17. त्या वर्षी क्लब सातव्या क्रमांकावर राहिला, आजवरचा सर्वोत्तम. डाव्या बाजूला फ्लोराँ मालुदा होता. फ्रेंच गयानात जन्मलेला, 2000 मध्ये शातोरूहून आलेला. मालुदाने आत चेंडू टाकायचा आणि द्रोग्बाने तो छातीवर घेऊन वळायचं. हीच जोडी नंतर चेल्सीत एकत्र खेळली. 2003 च्या उन्हाळ्यात द्रोग्बा मार्सेयला गेला, मालुदा ल्याँला, आणि 2004 मध्ये क्लब घसरला. दोन खेळाडू गेल्यावर काय होतं ते त्यात दिसतं.

बाकी नावंही कमी नाहीत. 1998 च्या जगज्जेत्या फ्रेंच संघातले स्तेफान गिव्हार्श आणि व्हँसाँ काँदेला दोघेही इथे खेळलेले. लोराँ कोसिएल्नीची व्यावसायिक सुरुवात इथली. मार्कुस त्युराम 2017 ते 2019 इथे होता.

11. द्रोग्बा चेल्सीला इतक्या पैशांत गेला, तर गँगाँला वाटा मिळाला असेलच ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. फिफाचा एक नियम आहे: खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेच्या 5 टक्के भाग त्याला 12 व्या ते 23 व्या वाढदिवसाच्या हंगामांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. सोळाव्या वर्षापासूनच्या प्रत्येक हंगामासाठी वाटा अर्धा टक्का.

द्रोग्बाचा 23 वा वाढदिवस मार्च 2001 मध्ये झाला. तेव्हा तो ल माँमध्ये होता. गँगाँला आला तो पुढच्या हंगामात, म्हणजे या नियमाच्या चौकटीबाहेर. त्यामुळे 2004 मध्ये मार्सेयने त्याला चेल्सीला विकलं तेव्हा या नियमाने गँगाँचा हक्क बनत नव्हता.

मालुदाचं उलट. जून 1980 चा जन्म, 2000 ते 2003 गँगाँमध्ये. तिन्ही हंगाम चौकटीत बसतात. 2007 मध्ये ल्याँहून चेल्सीला झालेली बदली आंतरराष्ट्रीय, म्हणून नियम लागू. कोसिएल्नी 2010 मध्ये लोरियाँहून आर्सेनलला गेला तेव्हाही तसंच. छोट्या क्लबने तरुण खेळाडू लवकर आणण्यामागे हेही गणित असतं.

एक सावधगिरी: पुढच्या विक्रीत टक्केवारी देणारं वेगळं कलम करारात असू शकतं. ते दोन क्लबांमधलं खासगी बोलणं असतं, फिफाच्या नियमाशी त्याचा संबंध नाही.

12. लीग 1 आणि लीग 2 मध्ये वर-खाली कसं होतं?

लीग 1 म्हणजे पहिली श्रेणी, लीग 2 म्हणजे दुसरी. दोन्हींत प्रत्येकी 18 संघ. लीग 2 चे पहिले दोन थेट वर. चौथा विरुद्ध पाचवा असा एक सामना. जिंकणारा तिसऱ्याशी खेळतो. त्यात जिंकणारा लीग 1 मधल्या सोळाव्या संघाशी दोन सामने खेळतो. लीग 1 चे शेवटचे दोन थेट खाली.

2024-25 मध्ये गँगाँ पाचवा आला, म्हणजे या शिडीची सर्वांत खालची पायरी. डंकर्कमध्ये 0-1 ने हरला आणि स्वप्न तिथेच थांबलं. पाचव्याला वर जायला चार सामने खेळावे लागतात, त्यातले पहिले दोन बाहेर. ही व्यवस्था पाचव्यावर कठोर आहे, पण लीगमधल्या प्रत्येक जागेला किंमत हवी असेल तर ती योग्यच म्हणावी लागेल.

13. मैदानावर जिंकूनही वर जाता येत नाही, किंवा न हरता खाली जावं लागतं, असं होतं का?

दोन्ही होतं. फ्रान्समध्ये डीएनसीजी नावाची आर्थिक देखरेख यंत्रणा आहे. दर हंगामाआधी प्रत्येक क्लबने तिच्यापुढे हिशेब ठेवायचा: उत्पन्न, पगार, कर्ज, तूट कोण भरणार. समाधान झालं नाही तर ती पगारांवर मर्यादा घालते, खरेदी थांबवते, आणि टोकाच्या वेळी खालच्या श्रेणीत पाठवते. सहा वेळचा विजेता बोर्दो 2024 मध्ये असाच कोसळला आणि व्यावसायिक दर्जा सोडून थेट हौशी श्रेणीत गेला.

उलट बाजूचं उदाहरण ल्युझनाक. पिरेनीज पर्वतातलं सहाशे वस्तीचं गाव. 2014 मध्ये त्यांनी मैदानावर लीग 2 मधली जागा कमावली, पण व्यावसायिक लीगने प्रवेश नाकारला. वादाच्या केंद्रस्थानी स्टेडियमचा प्रश्न होता. पुढे संघच विस्कटला. ज्यांना गँगाँची गोष्ट 'कुणालाही जमेल' अशी वाटते त्यांनी ल्युझनाक आठवावं. वेळेवर बांधलेलं रुदुरू ही किती दूरदृष्टीची गोष्ट होती ते तेव्हा कळतं.

14. क्लबचा मालक कोण?

फ्रेंच कायद्यानुसार ठरावीक उलाढालीच्या वर गेलेल्या क्लबला दोन अंगं असतात: मूळ संस्था, जी मुलांचं आणि हौशी फुटबॉलचं काम पाहते, आणि कंपनी, जी व्यावसायिक संघ चालवते. गँगाँच्या कंपनीत स्थानिक भागधारकांचं वजन आहे. 2017 मध्ये 'कालोन' नावाची योजना काढून साध्या पाठीराख्यांनाही छोटा सहभाग दिला गेला. हे लोक संघनिवड ठरवत नाहीत, पण क्लबच्या कारभारात त्यांचा आवाज पोचावा हा हेतू. परदेशी गुंतवणूकदार एकामागून एक फ्रेंच क्लब घेत असताना ही रचना जपणं मला महत्त्वाचं वाटतं, पैशाच्या दृष्टीने ती अडचणीची असली तरी.

15. पीएसजीकडून 9-0 हरणारा आणि पीएसजीला त्यांच्या घरी हरवणारा संघ एकच कसा?

एकच, आणि मध्ये फक्त दहा दिवस. 9 जानेवारी 2019 रोजी लीग कपच्या (ही फ्रेंच कपहून वेगळी बाद फेरीची स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरीत पीएसजीच्या पार्क दे प्रँसवर गँगाँला तीन पेनल्टी मिळाल्या. पहिली मार्कुस त्युरामने दवडली. नेमारने पीएसजीला पुढे नेलं. मग येनी न्गबाकोतोने पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा मिनिटांत पुन्हा पेनल्टी. चेंडू ठेवला तो त्युरामनेच. एक वाया गेलेली असताना, त्याच मैदानावर. या वेळी गोल, 2-1.

19 जानेवारीला लीगचा सामना त्याच मैदानावर झाला आणि पीएसजीने नऊ गोल करून हिशेब चुकता केला. गँगाँ त्या लीग कपच्या अंतिम फेरीत गेला, स्त्रासबूरविरुद्ध पेनल्टीवर हरला, आणि हंगामाअखेर पहिल्या श्रेणीतून घसरला. बाद फेरीत एक चांगली रात्र पुरते. लीगमध्ये हंगामभराचे सामने सगळं उघड करतात.

16. पाठीराखे स्वतःला 'शेतकरी' का म्हणवतात?

प्रतिस्पर्धी शहरी पाठीराख्यांनी 'पेझां' म्हणून हिणवायला सुरुवात केली आणि गँगाँवाल्यांनी तेच नाव उचललं. या टापूत शेती करणं ही लाज नाही, क्लबचा पैसाही तिथूनच आला आहे (प्रश्न 3). रेनशी जे वैर आहे त्यात राजधानी विरुद्ध ग्रामीण भाग ही रेघ स्पष्ट आहे. ब्रेस्त आणि लोरियाँशी चुरस असते, पण त्यात ती धार नाही.

17. महिला संघ आहे का?

आहे. 2011 मध्ये सँ-ब्रियच्या स्ताद ब्रियोशँचा महिला विभाग गँगाँकडे आला आणि गावाला सर्वोच्च श्रेणीतला महिला संघ मिळाला. फ्रान्सची बचावपटू ग्रिएज म्बॉक 2015 मध्ये ल्याँला गेली ती इथूनच. मोठ्या क्लबांनी महिला फुटबॉलमध्ये पैसा ओतल्यावर छोट्यांना तिथे टिकणं पुरुष संघापेक्षाही अवघड झालं आहे.

18. सामना बघायला जायचं असेल तर कसं जावं? आणि भारतातून बघताना वेळ किती?

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून जलद गाडी अडीच तासांच्या आसपास घेते. स्टेशनवरून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण परतीची: रात्रीचा सामना संपल्यावर पॅरिसची गाडी मिळेल असं धरून चालू नका, मुक्काम गावात किंवा सँ-ब्रियमध्ये ठरवूनच निघा. लीग 2 चे सामने बहुधा शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी असतात आणि नेमकी वेळ प्रक्षेपणासाठी नंतर पक्की होते, म्हणून तिकिटाआधी गाडीचं आरक्षण करू नये. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सँ-लू हा ब्रेतों नृत्याचा उत्सवही गावात असतो.

भारतात घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे तिथला शुक्रवार रात्री आठचा सामना इथे नोव्हेंबरमध्ये मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतो, तारीख शनिवारची. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं. त्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासून घ्या.